‘रोज पाऊण तास भरभर चाला’



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होतं, त्यांना मी लहानपणी आमच्या स्वयंपाकघरात पाहिलं आहे. माझ्या आजीला मधुमेह होता. डॉक्टर सायकलवरून यायचे. चामड्याच्या बॅगेतून स्पिरिटचा दिवा, काचेची नळी आणि निळ्या द्रावणाची बाटली काढायचे. ते बेनेडिक्टचं द्रावण. त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि नळी दिव्यावर धरायची. निळं राहिलं तर साखर नाही. मग हिरवं, पिवळं, नारिंगी, आणि विटेसारखं लाल झालं की साखर भरपूर. आम्ही पोरं रंगाची वाट बघत भोवती उभी असायचो. रंग लाल आला तरी डॉक्टर आजीला कधी रागावले नाहीत. ते उठून चुलीवरच्या पातेल्याचं झाकण उचलायचे, फळीवरच्या डब्यांवर नजर फिरवायचे आणि विचारायचे, “काल घरात काय झालं होतं, माई?” मग आजीच सांगायची. कधी लेकीचं डोहाळजेवण झालेलं असायचं, कधी रात्रभर झोप लागलेली नसायची.

ते झाकण उचलणं मला फार वर्षांनी उपयोगी पडलं.

माझा डावा पाय पोलिओनं गेला, मी दोन वर्षांची असताना. कॅलिपर आणि एक कुबडी यांवर मी शाळा, कॉलेज, नोकरी, संसार सगळं केलं. त्रेचाळिसाव्या वर्षी मधुमेह निघाला. ज्या दवाखान्यात निघाला त्याचं नाव घेणार नाही, कारण त्या दिवशी तिथे झालं ते कुठेही झालं असतं. डॉक्टरांनी गोळी लिहिली आणि एक छापील कागद हातात दिला. कागदावर पहिलीच सूचना होती : रोज पाऊण तास भरभर चाला. शेजारी बूट घालून चालणाऱ्या माणसाचं चित्र होतं. मी कुबडी टेबलाला टेकवून समोर बसले होते. डॉक्टर मनानं वाईट नव्हते, घाईत होते. त्यांनी कागद दिला, माझ्याकडे पाहिलं, कुबडीकडे पाहिलं आणि म्हणाले, “जमेल तेवढं चाला.”

मी चालले. शहाण्या रोग्यासारखी चालले. तीन महिने रोज संध्याकाळी सोसायटीभोवती फेऱ्या. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी उजवा खांदा असा धरला की केस विंचरता येईनात, आणि ज्या चांगल्या पायावर मी चाळीस वर्षं उभी होते तो जिना चढताना लटपटू लागला. पोलिओतून वाचलेल्या नसा आयुष्यभर दुप्पट काम करत आलेल्या असतात. त्यांना आणखी पिळलं की त्या थकतात, कधी कायमच्या. हे मला त्या कागदानं सांगितलं नाही. एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलं, तेही फोनवर, कारण त्यांच्या क्लिनिकला लिफ्ट नव्हती.

त्या फोनपासून माझ्या कामाची सुरुवात झाली. पुढे मी मधुमेह समुपदेशनाचं शिक्षण घेतलं. गेली नऊ वर्षं फोनवरून चाळीसेक माणसांबरोबर त्यांच्या शुगरचा हिशेब ठेवते आहे. कुणी साताऱ्याकडचं, कुणी सोलापूरचं, अकोल्याचं, नंदुरबारचं. कुणाला पोलिओ, कुणाच्या पाठीच्या मणक्याला मार, कुणाला अर्धांगवायू, कुणाचा पाय गुडघ्याखाली कापलेला. या कामाला कोचिंग म्हणतात. माझी माणसं मला ‘शुगरवाल्या ताई’ म्हणतात. मला स्वतःला तालमीतला वस्ताद आठवतो. वस्ताद आखाड्यात नव्या पोराला आधी नुसता बघतो. त्याची छाती, मान, मनगट, त्याच्या घरी दूधदुभतं आहे की नाही, हे सगळं. मग ठरवतो याला किती जोर, किती बैठका. सगळ्या पोरांना एकाच मापानं मेहनत देणारा वस्ताद पोरांची हाडं मोडतो.

आता थोडा पसारा सांगते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्यानं झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. २०११च्या जनगणनेत अपंग म्हणून नोंदलेली माणसं २ कोटी ६८ लाख होती, त्यांतली महाराष्ट्रात जवळजवळ ३० लाख. त्या वेळी कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६च्या कायद्यानं ते २१ केले. म्हणजे खरा आकडा मोठाच असणार. हे दोन्ही आकडे आपण वेगवेगळ्या फायलींत ठेवतो. एक आरोग्य खात्याच्या, दुसरा दिव्यांग कल्याणाच्या. पण ही माणसं एकाच शरीरात दोन्ही घेऊन जगतात. भारतातला नैसर्गिक विषाणूच्या पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ला सापडला, हे आपण अभिमानानं सांगतो, आणि सांगायलाच हवं. पण त्याआधीची पोलिओची मुलं कुठे गेली? ती आज माझ्या वयाची आहेत, चाळिशी-पन्नाशी-साठीची. बरोबर मधुमेहाच्या वयाची.

शिवाय बसून राहिलेल्या शरीरात मधुमेह लवकर घर करतो. जेवणानंतर रक्तात आलेली साखर जाळण्याचं मोठं काम स्नायू करतात, त्यातही मांड्यांचे. मणक्याला इजा झाली की कंबरेखालचे स्नायू आटत जातात आणि त्यांची जागा चरबी घेते. वजनाच्या काट्यावर माणूस बारीक दिसतो, आतून मात्र तो स्थूल असतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रंजन याज्ञिक यांचं एक गाजलेलं उदाहरण आहे. २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी आपल्या दोघांचीच छायाचित्रं छापली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के. भारतीय माणसाला वजनाचा काटा फसवतो, हे त्या एका चित्रानं जगाला पटलं. मी ते चित्र पाहते तेव्हा मला त्या दोघांशेजारी तिसरा माणूस दिसतो, व्हीलचेअरवर बसलेला. काटा त्याला या दोघांपेक्षा जास्त फसवत असणार.

मुळात काट्यावर चढायचं कसं? बार्शीकडचे एक भाऊ आहेत. बांधकामावरून पडले, कंबरेखाली संवेदना नाही. अकरा वर्षांत त्यांचं वजन कुणी केलंच नव्हतं. प्रत्येक केसपेपरवर वजनाची चौकट कोरी. इन्सुलिनचा डोस सुरू करताना वजन बघतात, आणि इथे तर वजनच अंदाजपंचे लिहिलेलं. मी फोनवर विचारलं, “गावात मोठा काटा कुठे आहे?” ते म्हणाले, “अडत्याकडे. तुरीच्या पोत्यांचा.” पुढच्या बुधवारी त्यांचा पुतण्या त्यांना अडत दुकानात घेऊन गेला. जमिनीलगतचा लोखंडी पत्रा, त्यावर खुर्चीसकट त्यांना ढकललं. ९३ किलो. मग त्यांना पोत्यांच्या थप्पीवर बसवून नुसती खुर्ची ठेवली, १९ किलो. म्हणजे भाऊ ७४. केसपेपरवर अंदाजानं ६० लिहिलेलं होतं. हमालांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. भाऊंनी मला काट्याचा फोटो पाठवला, तो मी अजून जपून ठेवला आहे. त्यात खुर्चीच्या चाकाशेजारी सांडलेले तुरीचे दाणेसुद्धा दिसतात.

अडत्याच्या काट्याची ही युक्ती कुठल्याही पुस्तकात नाही. ती विचारल्यावर सापडली, आणि भाऊंच्याच तोंडून सापडली.

दूर बसून मार्गदर्शन ही कल्पना करोनात जन्मली असं बऱ्याच जणांना वाटतं. मार्च २०२०मध्ये टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि डॉक्टरांना फोनवरून, व्हिडिओवरून सल्ला द्यायचा रस्ता मोकळा झाला, हे खरं. पण मूळ कल्पना फार जुनी आहे. इन्सुलिन माणसाला पहिल्यांदा टोचलं गेलं ते ११ जानेवारी १९२२ला, टोरांटोमध्ये. त्याच्याही आधी, १९१८मध्ये, बोस्टनच्या डॉ. इलियट जोस्लिन यांनी मधुमेहावर एक पुस्तिका काढली होती, डॉक्टर आणि रोगी या दोघांनी मिळून वापरायची. रोग्यानं स्वतः शिकल्याशिवाय हा आजार आटोक्यात येत नाही, यावर त्यांचा ठाम विश्वास होता. पुढे त्यांच्या परिचारिका घरोघर जाऊन शिकवू लागल्या. आमच्या डॉक्टरांची सायकल आणि जोस्लिनच्या परिचारिका या एकाच वाटेवरच्या. मधल्या काळात आपण ती वाट सोडली आणि रोग्याला रांगेत उभं केलं. ज्याला उभं राहता येत नाही तो रांगेतून आपोआप गळला.

माणूस सोबत असेल तर फरक पडतो का? याला मोठा पुरावा अमेरिकेतला आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ३,२३४ लोकांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २००२मध्ये आले. ज्यांना आहार-व्यायामासाठी स्वतःचा कोच मिळाला होता, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांत ते ३१ टक्क्यांनी घटलं. आपल्याकडे चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी त्याहून साधी गोष्ट केली. ५३७ नोकरदार पुरुषांपैकी निम्म्यांना दोन वर्षं मोबाईलवर छोटे संदेश पाठवले. २०१३मध्ये निष्कर्ष आले. संदेश न मिळालेल्यांत २७ टक्क्यांना मधुमेह झाला, संदेश मिळालेल्यांत १८ टक्क्यांना. नुसत्या संदेशानं एवढं होतं! हे दोन्ही अभ्यास मधुमेह टाळण्याचे आहेत, झालेला मधुमेह सांभाळण्याचे नाहीत, हे मी मुद्दाम सांगते. आणि चालता येणाऱ्याला ‘आज चाललात का?’ असा संदेश उपयोगी पडतो. न चालता येणाऱ्याला तो रोज सकाळी टोचतो. तेव्हा दूर बसून करायच्या कामात यंत्र कोणतं हे दुय्यम. पहिला प्रश्न कोणता विचारला, यावर सगळं ठरतं.

माझा पहिला प्रश्न आता ठरलेला आहे. शुगर किती, हा नव्हे. मी विचारते, “तुमचा कालचा दिवस सकाळी डोळे उघडल्यापासून सांगा.” आणि गप्प बसते. पहिल्या फोनला पाऊण तास जातो. त्या कागदावर चालायला सांगितलेला पाऊण तास मी असा वापरते.

त्यात काय काय निघतं! एक ताई, अकोल्याकडच्या, व्हीलचेअरवर. शुगर कायम चढी, लघवीचं इन्फेक्शन वर्षातून चार-पाच वेळा. डॉक्टर सांगत, पाणी भरपूर प्या. त्या ‘हो’ म्हणत. दिवस सांगताना बोलून गेल्या, “सकाळी एक पेला, मग थेट संध्याकाळी धनी आल्यावर.” मी विचारलं, मधे तहान लागत नाही? म्हणाल्या, “लागते हो. पण पाणी प्यालं की जावं लागतं. संडास अंगणापलीकडं, दोन पायऱ्या वर. दिवसा घरात उचलायला कुणी नसतं.” मधुमेहात तहान हे लक्षण आहे, हे आपल्याला शाळेपासून पाठ. ही बाई तहान दाबून मधुमेह सांभाळत होती. तिला आहाराचा तक्ता देऊन काय उपयोग होता? आम्ही पहिले दोन महिने शुगरबद्दल बोललोच नाही. ग्रामपंचायत, उताराचा रॅम्प, कमोडची खुर्ची, ती कुठे मिळते, कुणाच्या सहीनं मिळते, यावर बोललो. कमोडची खुर्ची घरात आली. मग पाण्याचे पेले मोजायला लागलो. साखर लघवीवाटे बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्या हल्ली पुष्कळ लिहिल्या जातात आणि चांगल्या आहेत. पण जिला लघवीला जाणंच दुर्मीळ, तिला ती गोळी लिहिण्यापूर्वी संडास कुठे आहे हे कुणीतरी विचारायला हवं की नको?

औषधाचा डोस मी बदलत नाही, हेही इथे स्पष्ट सांगते. तो अधिकार डॉक्टरांचा. मी त्यांना दोन ओळी लिहून पाठवते : या बाई दिवसाला इतकंच पाणी पितात, कारण हे. बहुतेक डॉक्टर त्या दोन ओळींची किंमत ओळखतात. कुणी उलट फोन करून आभारही मानतात.

दुसरी गोष्ट बार्शीच्या भाऊंचीच. त्यांची उपाशीपोटीची शुगर १२०-१३०च्या आसपास स्थिर झाली होती. एके सकाळी २४०. दुसऱ्या दिवशी २६०. खाण्यात बदल नाही, गोळी चुकलेली नाही, इन्सुलिन फ्रिजमध्येच. फोनवर आवाज नेहमीसारखा. दुसऱ्या कुणाला मी विचारलं असतं, कुठे दुखतंय का? पण त्यांना कंबरेखाली दुखत नाही, कधीच. मी विचारलं, “कॅथेटरच्या पिशवीतल्या लघवीचा रंग कसा आहे?” म्हणाले, “गढूळ आहे जरा.” वास? “हो, येतोय.” आणि पाठीला, माकडहाडापाशी? पुतण्याला मोबाईलनं फोटो काढायला लावला. तिथे रुपयाएवढी लाल जागा होती, मधोमध काळपट. बेडसोरची सुरुवात. त्याच दिवशी त्यांना तालुक्याला नेलं. जखम चिघळण्याआधी सापडली, कॅथेटर बदलला, अँटिबायोटिक सुरू झालं. संसर्ग झाला की शरीर साखर वाढवतं, हा साधा नियम. पण ज्या शरीरात वेदनेची तारच तुटली आहे तिथे शुगर हीच वेदना असते. ती २४० म्हणून ओरडते. ओरडण्याचा अर्थ लावायला त्या शरीराची सवय असलेला माणूस फोनच्या दुसऱ्या टोकाला हवा.

असंच उलट्या बाजूनंही होतं. शुगर अचानक उतरली की घाम फुटतो, हातपाय थरथरतात, हे आपण सगळ्यांना शिकवतो. सत्तरच्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. पण मानेच्या मणक्याला इजा झालेल्या माणसाला घाम येण्याची यंत्रणाच नीट चालत नाही. त्याला थरथर कळणार कशी? त्याच्याबरोबर बसून त्याच्या स्वतःच्या खुणा शोधाव्या लागतात. माझ्याकडच्या एका तरुणाची खूण अशी : टीव्हीवरची पाटी दोनदा वाचावी लागली की शुगर उतरली. ही खूण त्याची त्यानं शोधली, चार महिन्यांच्या नोंदींतून.

‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणून जी तपासणी आपण करतो, तिच्याबद्दलही एक सावधगिरी. नंदुरबार, गडचिरोली भागात सिकलसेल पुष्कळ आहे. सिकलसेलच्या रोग्याच्या तांबड्या पेशी अल्पायुषी, त्यामुळे हा आकडा खोटा कमी येऊ शकतो. तिथे बोटाच्या टोकावरची रोजची तपासणीच खरी.

आणि ती रोजची तपासणी करायची कशी? हात असतील तर प्रश्न सोपा. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेलेल्या एका काकांना डाव्या हातानं डाव्याच हाताच्या बोटाला टोचायचं होतं. पट्ट्यांच्या डबीचं झाकण उघडेना, मीटर टेबलावरून सरके. काकांची वाचाही गेलेली, फक्त ‘हो’ आणि ‘नाय’. त्यांच्याशी व्हिडिओवर बोलायचे. काकू मोबाईल धरून उभ्या राहायच्या. सरकणाऱ्या मीटरवर उपाय काकूंनीच काढला. पोळपाट सरकू नये म्हणून त्याखाली पिळलेलं फडकं घालतात, तसं मीटरखाली घातलं. डबी मांडीत धरून दातांनी उघडण्याऐवजी पट्ट्या आदल्या रात्री मोजून कोरड्या, घट्ट पण सोप्या झाकणाच्या छोट्या डबीत काढाव्यात असं काकूंना वाटलं. मी नको म्हटलं, कारण पट्टीला हवा लागली की आकडा चुकतो. मग झाकणाला जाड रबरबँड गुंडाळला, पकड आली. टोचायचं यंत्र टेबलाच्या कडेला क्लॅम्पनं बसवलं आणि बोट त्याच्यावर नेलं. सतरा दिवस लागले. अठराव्या दिवशी काकांनी मीटर कॅमेऱ्यासमोर धरला. १४२. आणि म्हणाले, “हो.”

काकूंना यात किती विचारावं, हा मोठा नाजूक प्रश्न आहे. अपंग माणसाबरोबर दवाखान्यात गेलात तर तुम्ही हे पाहिलं असेल. डॉक्टर सोबतच्या माणसाला विचारतात, “यांना भूक लागते का?” ‘हे’ समोर बसलेले असतात. फोनची मोठी देणगी अशी की तो ज्याचा त्याच्या हातात असतो. मी त्याच्याशीच बोलते, आणि घरच्यांशी बोलायचं तर आधी त्याला विचारून. पण बोलावं मात्र लागतंच, कारण ओटा त्याच्या हाताच्या उंचीवर नसतो. भाजीत तेल किती हे तो ठरवत नाही. घरोघरी दोन टोकं दिसतात. ‘बिचारा बसूनच असतो, निदान पोटभर खाऊ दे’ म्हणून वाढलेली तिसरी पोळी, नाहीतर ‘तुला काय कळतंय’ म्हणून काढून घेतलेला लाडू. दोन्हींत त्याचं मत विचारलेलं नसतं. घरातल्या वहिनींना मी हळूच सांगते, ताटात काय हवं ते त्यांना ठरवू द्या आणि चुकलं तर चुकू द्या. शुगर तपासून ते स्वतः शिकतील. साबुदाण्याच्या खिचडीनंतर दोन तासांनी शुगर तपासायची आणि पुढच्या एकादशीला भगर-आमटीनंतर तपासायची. हे दोन आकडे शेजारी लिहिले की मला उपदेश करावा लागत नाही.

व्यायामाचं पुष्कळ बोलायचं आहे, पण वेळेकडे बघून मोजकं सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशींत अपंग व्यक्तींसाठी पहिल्यांदा स्वतंत्र विचार झाला. त्याआधी २०१८मध्ये मज्जारज्जूला इजा झालेल्यांसाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ठरवलं की हृदय आणि चयापचय सुधारायचं तर आठवड्यातून तीनदा, तीस तीस मिनिटं, धाप लागेल असा व्यायाम हवा. पण कोणता? व्हीलचेअरवरच्या माणसाचे खांदे हेच त्याचे पाय असतात. खुर्ची ढकलताना पुढचे स्नायू रात्रंदिवस राबतात, पाठीमागचे दुबळे राहतात आणि खांदा निखळू पाहतो. त्याला ढकलण्याचा व्यायाम दिला तर आणखी नुकसान. त्याला ओढण्याचा व्यायाम हवा. सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजाला अडकवायची, दोन्ही टोकं हातात धरून कोपर मागे घेत ओढायची, वल्ही मारतात तशी. पाण्यानं भरलेली लिटरची बाटली म्हणजे एक किलोचं वजन. पोलिओच्या माणसाला हेच थोडं थोडं, मधे विश्रांती घेऊन, आणि दुसऱ्या दिवशी थकवा उरला तर कमी. ज्याचा पाय कापला आहे त्याला वजन झपाट्यानं कमी करा असं सांगताना विचारावं लागतं, कृत्रिम पायाचा सॉकेट सैल तर होत नाही ना? चार-पाच किलोंनी तो सैल होतो, घासतो, जखम करतो.

त्याचा उरलेला पाय हा तर माझ्या काळजीचा विषय. इथे मला डॉ. पॉल ब्रँड आठवतात. भारतातच जन्मलेल्या या शल्यचिकित्सकाला वेल्लोरला कुष्ठरोग्यांचे पाय बघता बघता समजलं की बोटं रोगानं झडत नाहीत. वेदना कळत नाही म्हणून जखमा होत राहतात आणि त्यांतून पाय जातो. तेच ज्ञान त्यांनी पुढे अमेरिकेत मधुमेह्यांच्या पायांसाठी वापरलं. आज मधुमेह्यांना जी मऊ मायक्रोसेल्युलर रबराची चप्पल देतात, ती कुष्ठरोग्यांच्या पायासाठी वापरात आलेली. माझ्या माणसांपैकी ज्यांना वाकता येत नाही ते हातआरसा जमिनीवर ठेवून तळवा बघतात. दर रविवारी तळव्याचा फोटो मला येतो. मोबाईल उघडला की रविवारी सकाळी वीस-बावीस तळवे असतात. मी ते एकेक मोठे करून बघते.

आता एक गोष्ट मनापासून आणि जरा कडक शब्दांत सांगायची आहे. हे सगळं ऐकून कुणा अधिकाऱ्याला वाटेल, वा, मग यांना दवाखान्यात यायची गरजच काय? फोनवर भागतंय! असं म्हणणाऱ्याला माझ्या कामाचा आधार घेऊ देऊ नका. डोळ्याच्या पडद्याची तपासणी फोनवर होत नाही. १० ग्रॅमच्या नायलॉनच्या तंतूनं पायाची संवेदना फोनवर तपासता येत नाही. जखम कापून साफ करता येत नाही. मूत्रपिंडाची तपासणी, दात, ईसीजी, सगळ्यासाठी जावंच लागतं, आणि जाता यायला हवं. फोननं त्यांना घरी बसवायचं नाही. फोननं त्यांना दवाखान्याच्या दारापर्यंत आणायचं आणि दारात पायरी असेल तर ती पायरी मोडायची. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात जमिनीलगतचा एक वजनकाटा, खाली-वर होणारं एक तपासणीचं टेबल आणि खुर्ची आत जाईल असा एक संडास, एवढं मी गेली सहा वर्षं अर्ज करून मागते आहे. तुरीच्या पोत्याला या राज्यात काटा आहे. माणसाला का नसावा? सभागृहात आज आरोग्य खात्याची मंडळी आहेत असं कळलं. अर्जाची प्रत मी बरोबर आणली आहे, व्याख्यानानंतर देते.

फोनचं जाळंही सगळ्यांपर्यंत पोचत नाही. पुष्कळ बायकांचा मोबाईल नवऱ्याच्या खिशात असतो. त्यांच्याशी मी दुपारी दोन ते चार बोलते, शेजारणीच्या फोनवर. कुणी मिस कॉल देतं, मी उलटा लावते. आशाताईंनी महिन्यातून एकदा घरी जाऊन मला फोन लावून दिला, तर त्या फोनची किंमत दहापट. जिथे आशाताईंना या कामाचे पैसे मिळत नाहीत तिथे हे काम त्यांच्या भलेपणावर चालतं, आणि ते बरोबर नाही.

परवा, हे व्याख्यान लिहीत बसले होते तेव्हा, बार्शीच्या भाऊंचा फोन आला. सकाळी साडेसातला. सायकलची ट्यूब ओढता ओढता तुटली होती. दोन वर्षं चालली. पुतण्याच्या गॅरेजमध्ये ट्रकची जुनी ट्यूब पडली आहे, तिची पट्टी कापून घेतली तर चालेल का, असं ते विचारत होते. आवाजात जोर होता. मी म्हटलं, “ट्रकची ट्यूब फार ताठ असते भाऊ. आधी सांगा, उजवा खांदा रात्री दुखतो का?” पलीकडे क्षणभर शांतता. मग ते म्हणाले, “थांबा ताई, हात वर करून बघतो.”